प्रदर्शनातल्या बंदुका आणि बाबांची एक

बहरीनला जिदहफ्सच्या खोलीत माझ्यासोबत वसईचा एक ख्रिस्ती गृहस्थ राहायचा. मनाम्यातल्या एका हॉटेलात तो वेटर होता, पुढे कॅप्टन झाला. उन्हाळा ओसरला आणि मी शुक्रवारी दुपारी इस्त्रीचा शर्ट बाहेर काढला की तो पलंगावरूनच विचारायचा, "यल्ला शिकारी, निघालास? तुला तिथं मिळतं काय रे? विकत घेता येत नाही, उडवता येत नाही. आमचं मेनूकार्ड वाचून पोट भरतं का कुणाचं?"

मी हसून बाहेर पडायचो. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी त्याला कधी दिलं नाही. आता पन्नाशी जवळ आली आहे, तो कधीच वसईला परत गेला, आणि उत्तर मात्र माझ्यापाशी राहून गेलं आहे.

शिकारीच्या साहित्याचं ते प्रदर्शन तेव्हा मनाम्यातल्या एका मोठ्या हॉलमध्ये भरायचं. विलायतेतले आणि युरोपातले बंदूकवाले आपला माल मांडायचे. पांढऱ्याशुभ्र पोशाखातले अरब गिऱ्हाईक म्हणून यायचे, काहींच्या मनगटावर ससाणा असायचा, डोळ्यांवर चामड्याची टोपी घातलेला. मी एसी मेकॅनिक. पहिल्यांदा आत गेलो तो हॉलचा एसी नीट चालतो का ते बघायला. नंतरची सगळी वर्षं सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या हौसेनं गेलो.

ही हौस घरची. आमचं गाव मालवणच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून. भातं पिकायला लागली की रानडुकरं उतरतात आणि एका रात्रीत कोपरा लोळवून जातात. म्हणून बाबांकडे शेतीच्या रक्षणासाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. एका नळीची, तालुक्यातल्याच कुणा लोहाराच्या हातची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, मग लोखंडी गजानं ठासायचं, मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा गज. शेवटी घोड्याखाली तांब्याची केप बसवायची. बार काढताना केपेच्या ठिणग्या उडायच्या, त्यामुळे चाप ओढता ओढता तोंड बाजूला वळवायचं. हे मला बाबांनी शिकवलं. चालायला कसं शिकलो ते आठवत नाही, पण तोंड वळवायला शिकलो ते आठवतं.

बाबा आणि मी फार बोलणारे नव्हतो. माझं शिक्षण, माझं लग्न, माझं बहरीनला येणं, कशावरच आमचं धड बोलणं झालं नाही. ते सगळं आईमार्फत व्हायचं. बंदुकीवर मात्र आम्ही तासभर बोलू शकायचो. उंडीचं तेल चांगलं की खोबरेल, काथ्या ओला राहिला तर काय होतं, कुठल्या वर्षीच्या डुकराला कुठे छर्रे लागले होते. मी रजेवर घरी गेलो की पहिल्या संध्याकाळी बाबा खुंटीवरची बंदूक काढून पडवीत आणायचे. ते आमचं "कसा आहेस" असायचं.

बहरीनमधल्या पहिल्या वर्षातली एक फजिती सांगतो, कारण ती पुढे लागणार आहे. प्रदर्शन आहे एवढंच कळलं होतं, कुठे ते नीट माहीत नव्हतं. शुक्रवारी मनाम्याच्या बाजारात एका दुकानदाराला मी विचारलं, "बंदूक वेन?" वेन म्हणजे कुठे, एवढं अरबी तोवर आलं होतं. बंदूक हा शब्द आपल्याकडे तिकडूनच आला असणार, तेव्हा तो त्यांना कळेलच, अशी माझी खात्री. दुकानदाराचा चेहरा उजळला. "बुंदुक! बुंदुक!" म्हणत त्यानं माझा हात धरला आणि दोन गल्ल्या ओलांडून मला सुक्या मेव्याच्या दुकानात नेऊन उभं केलं. तिथल्या माणसानं पोत्यातून ओंजळभर गोल, तपकिरी, टणक कवचाची फळं काढून माझ्यापुढे धरली. तिकडे बुंदुक म्हणजे ही, इंग्रजीत हेझलनट. खऱ्या बंदुकीला तिथली माणसं तुफग म्हणतात, हे मला नंतर कळलं. दोघेही इतक्या प्रेमानं बघत होते की नको म्हणवेना. पुडी घेऊन खोलीवर आलो. प्रदर्शन सापडलं ते पुढच्या वर्षी, एसीच्या कामाला गेलो तेव्हा.

वसईकरानं पुडी उघडली आणि पलंगावर आडवा पडून हसला. "अरे मेल्या, बंदूक बघायला गेलास आणि काडतुसं घेऊन आलास?"

त्या वेळी रजेवर जाताना मी ती पुडी घरी नेली. आईनं विचारलं हे काय, तर मी नाव सांगितलं. बाबांनी एक फळ उचललं, कानाशी हलवून बघितलं.

"काय रे, बंदूक खातत थंय?"

"खातत, बाबा."

"मगे डुकरां मारतत कशान? बदामान?"

बाबांना विनोद करताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्यानंतर दर रजेला मी एक पुडी न्यायचो आणि आणल्यास का, असं ते दर वेळी विचारायचे, "बंदुका हाडलंस?"

प्रदर्शनात माझं कसं चालायचं ते सांगतो. मी उशिरा जायचो, गर्दी ओसरल्यावर. गिऱ्हाइकांच्या मध्ये उभं राहायची लाज वाटायची. मला कुणी हाकललं नाही, पण बोलावलंही नाही. टेबलांवर हिरवं कापड, त्यावर दुनळ्या ओळीनं मांडलेल्या, चापांतून तार ओवलेली. अक्रोडाच्या लाकडाच्या दस्त्यावर पाण्यासारख्या रेषा. मी हात मागे बांधून एकेक बघत जायचो, शेवटच्या टेबलापर्यंत, आणि पुन्हा पहिल्यापासून. घरी गेल्यावर बाबांना सांगायचं म्हणून मनात शब्द जुळवत जायचो. अख्ख्या बहरीनमध्ये मी मनातल्या मनात बाबांशी बोलायचो अशी ती एकच जागा होती. खोलीत आम्ही सहाजण, तरी खोलीत मी एकटा असायचो. त्या हॉलमध्ये कुणी ओळखीचं नव्हतं आणि तिथे मला एकटं वाटायचं नाही. वसईकराला हे कसं सांगणार?

एक गोष्ट मात्र मी स्वतःपासून लपवत होतो. प्रदर्शनाचे ते आठवडे म्हणजे गावी भातं पिकायचे दिवस. मी थंडगार हॉलमध्ये डुकराच्या शिकारीच्या बंदुका बघत असायचो आणि त्याच दिवसांत बाबा शेतातल्या माळ्यावर एकटे बसून खरी डुकरं राखत असायचे. रजा मी नेहमी मे महिन्यात घ्यायचो. आंबे, फणस, लग्नं. ऑक्टोबरात रजा मिळत नाही असं घरी सांगायचो. मिळत होती. मी मागितली नव्हती.

कितव्या तरी वर्षी एका विलायती म्हाताऱ्यानं मला हाक मारली. त्याचं टेबल कोपऱ्यात होतं. गेली दोन-तीन वर्षं तो मला बघत असावा. आम्ही दोघांनी मोडक्या इंग्रजीत बोलायला सुरुवात केली, म्हणजे मोडकं माझं होतं. त्यानं एक दुनळी तारेतून सोडवली, उघडून रिकामी असल्याचं मला दाखवलं आणि माझ्या हातात दिली. "खांद्याला लाव," म्हणाला.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातात तिथली बंदूक आली. मी खांद्याला लावली, भिंतीवरच्या दिव्यावर नेम धरला, चापावर बोट नेलं आणि तोंड बाजूला वळवलं.

म्हातारा थबकला. "पुन्हा कर."

मी पुन्हा केलं. तोंड पुन्हा वळलं.

"तू बंदुकीला घाबरतोस की तिच्यावर रुसलायस?"

मग मी त्याला ठासणीची समजावून सांगितली. केप, ठिणग्या, बाबा. तो इतका खूश झाला की शेजारच्या टेबलावरच्या माणसाला बोलावून त्यानं मला तिसऱ्यांदा तोंड वळवायला लावलं. ते हसले, पण ते हसणं मला लागलं नाही. माझ्या बापाकडून आलेली एक गोष्ट त्या हॉलमध्ये कुणाला तरी बघण्यासारखी वाटली होती.

त्या दिवसापासून तो मला थोडं थोडं शिकवायचा. दुसऱ्याच वर्षी त्यानं मला नळी तपासायला शिकवलं. नळी खिडकीकडे धरायची, उजेडाची रेघ तिच्यावर सरळ पडते का बघायचं. रेघ कुठे मोडली तर तिथे डोळे मिटून बोटं फिरवायची. नळी फुगलेली असेल तर बोटांना कळतं. "दारू आणि छर्रे यांच्यात फट राहिली की नळी फुगते," तो म्हणाला. "तुमच्या ठासणीत हे म्हाताऱ्यांच्या बंदुकांना होतं. हातातला जोर जातो, गज तळापर्यंत पोचत नाही. आज फुगते, उद्या फुटते."

त्यानं एक फुगलेली जुनी नळी मुद्दाम आणली होती. माझी बोटं तिच्यावरून फिरवून घेतली. मला कळलं. कळलं याचा केवढा आनंद झाला मला! परीक्षेत पास झाल्यासारखा चालत जिदहफ्सला आलो.

त्या मे महिन्यात घरी गेलो. संध्याकाळी बाबांनी नेहमीप्रमाणे बंदूक पडवीत आणली. मी ती त्यांच्या हातातून घेतली आणि उजेडाकडे धरली. रेघ मोडली होती. घोड्यापासून वीतभर वर. मी डोळे मिटून बोटं फिरवली. बोटांखाली काहीतरी उचललेलं लागलं.

"बाबा, नळी फुगलीहा हयसर. ह्येच्यातना आता बार काढू नकात."

बाबा माझ्या बोटांकडे बघत होते. "कोणी शिकवल्यान तुका ह्या?"

"प्रदर्शनातल्या सायबान."

"सायबान माजी बंदूक बघल्यान?"

"नाय, पण..."

"मगे?"

"बाबा, फुटतली ती. हात जातलो तुमचो. डोळे जातले. मी शिकान इलंय."

मी बोलत राहिलो. फट, दारू, दाब, हातातला जोर. म्हाताऱ्याचं सगळं मी मालवणीत ओतलं. आई दारात येऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरची भीती बघून मला आणखी जोर चढला. बाबांनी मधे एकही शब्द काढला नाही. माझं संपल्यावर ते "बरा" म्हणाले, बंदूक घेतली आणि आत नेऊन खुंटीला लावली. उरलेल्या रजेत ती पुन्हा पडवीत आली नाही. पुडीतली फळं आईनं डब्यात भरून ठेवली. त्या वर्षी बाबांनी "बंदुका हाडलंस?" विचारलं नाही.

परतल्यावर पहिले काही दिवस मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. बापाचा हात वाचवला. वसईकरालाही सांगितलं. "बघ, काय मिळतं विचारत होतास ना?" तो म्हणाला, "मिळालं खरं. पण तुझ्या बापाचं काय गेलं ते विचारलंस का?" मी चिडलो. त्याच्याशी चार दिवस धड बोललो नाही.

पुढच्या ऑक्टोबरात प्रदर्शन भरलं तेव्हा मी कोपऱ्यातल्या टेबलापाशी धावतच गेलो. सगळं सांगितलं. वाटलं होतं, म्हातारा पाठीवर थाप मारेल. त्यानं विचारलं, "कुणी बनवलेली नळी?"

"गावच्या लोहारानं. हातानं."

"हातानं ठोकलेली नळी पहिल्या दिवसापासून सरळ नसते कधी कधी. रेघ तिथेही मोडते. माझ्या हातात आल्याशिवाय मी काही म्हटलं नसतं. जाणत्या माणसाला दाखवली का?"

"नाही."

"उडवू नका म्हणालास, ते बरोबरच. शंका असेल तर उडवू नये. पण तू शंका सांगितलीस की खात्री?"

मी खात्री सांगितली होती. एका दुपारी एका फुगलेल्या नळीवर बोटं फिरवून आलेली खात्री. हॉलच्या बाहेर येऊन मी समुद्राच्या बाजूला कठड्यावर बराच वेळ बसलो. बाबांची बंदूक चांगली असेल तर? मी लहान असताना तिथे बोट फिरवलं असतं, तर तेव्हाही तसंच लागलं असतं का? आठवेना. इतक्या वर्षांत मी ती बंदूक बघितली होती, पुसली होती, तिच्यावर बोललो होतो, पण तिच्या नळीवरून डोळे मिटून बोटं कधी फिरवली नव्हती.

बहरीनमध्येच हिद्दला आमच्या शेजारच्या वाडीतला एक ड्रायव्हर होता. तो रजेवरून आला की घरचं काहीबाही आणायचा. त्या वर्षी तो आला आणि कोकमाची पिशवी देताना म्हणाला, "तुज्या बापाशीन बंदूक सोडवन हाडूक नाय रे."

आमच्याकडे निवडणूक लागली की परवान्याच्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. निकाल लागले की लोक जाऊन सोडवून आणतात. दर निवडणुकीला बाबा सर्वांत आधी जाऊन आणायचे, दुसऱ्याच्या बंदुकीखाली आपली दबून राहू नये म्हणून. या वेळी वाडीतल्या सगळ्यांनी आणल्या. बाबा गेलेच नाहीत.

"मगे डुकरां?" मी विचारलं.

"डबो वाजवतत. पत्र्याचो. रातभर वाजवतत बसान." त्यानं हातानं वाजवून दाखवलं आणि हसला. मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला.

पुढच्या वर्षी मे महिना सोडून मी पहिल्यांदा ऑक्टोबरात रजा मागितली. सुपरवायझरनं लगेच दिली. आधी मागितली असती तर आधीही दिली असती, हे मला माहीत होतंच. निघायच्या आधी बाजारात जाऊन कवचातल्या बुंदुकची पुडी घेतली. प्रदर्शन त्या वर्षी मी गेल्यावर भरलं.

घरी पोचलो त्या संध्याकाळी बाबा पडवीत बसले. खुंटी रिकामी. आम्ही दोघंच. आई मुद्दाम आत राहिली असावी. बोलायला काहीच नव्हतं. मी पावसाचं विचारलं. पडला, म्हणाले. त्यांनी विमानाचं विचारलं. बरं होतं, म्हणालो. मग आम्ही दोघेही अंगणाकडे बघत बसलो. बहरीनच्या खोलीत कधी वाटलं नसेल इतकं एकटं मला माझ्या बापाच्या शेजारी बसून वाटलं. त्यांनाही वाटलं असेल. ते एकटेपण मी त्यांना आणून दिलं होतं.

शेवटी मी बोललो. "बाबा, त्या वर्सा मी नळीचा बोललंय ना, ता खरा की खोटा, माका नक्की म्हायत नाय. लोहाराचीच तशी आसात. मी उगाच..."

"खराच होता." बाबा अंगणाकडेच बघत होते. "गज तळाक लागत नाय होतो. दोन वर्सा. हातात ताकद खंय रवली? वरच ऱ्हवायचो बोळो. बार काढलो की खांद्याक कळायचा काय तरी चुकता म्हणान."

"मगे तुमी बोललात कित्याक नाय?"

"तू इचारलंस?"

मी रिकाम्या खुंटीकडे बघितलं.

"हात फिरवलंस आणि निकाल दिलंस. माजीच बंदूक, माजोच हात. इचारलं आसतंस तर सांगलं आसतंय." मग ते म्हणाले, "कोणाक तरी सांगूचा होताच माका."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. बंदूक फुगलेली होती, मी बरोबर होतो, म्हाताऱ्यानं शिकवलेलं खरं होतं. तरीही ज्या गोष्टीवर आम्ही तासभर बोलू शकायचो, तिच्यावरचं सर्वांत मोठं बोलणं बाबांच्या पोटात दोन वर्षं अडकून होतं, आणि ते बाहेर यायच्या आधी मी दुसऱ्याचं शिकलेलं ओतून मोकळा झालो होतो.

म्हणून वसईकराला उत्तर द्यायचं तर असं देईन. बंदुकांची आवड असेल त्यानं प्रदर्शनाला जरूर जावं. मी एक नळी हातात घेऊन जे शिकलो, ते पुस्तक वाचून शिकलो नसतो. हात लावायला मिळत नसेल तरी जावं. एखाद्या वर्षी कुणीतरी तार सोडवतं. फक्त तिथून शिकून आल्यावर घरच्या बंदुकीवर बोट ठेवण्याआधी ती ज्याची आहे त्याला विचारावं, कशी आहे. मी जायचो ते बाबांशी बोलता यावं म्हणून, आणि नेमकं तेच करायचं विसरलो.

त्या संध्याकाळी बराच वेळ गेल्यावर मी आत जाऊन पुडी आणली आणि बाबांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी ती उघडली नाही. आधी विचारलं, "बंदुका हाडलंस?"

"हाडलंय."

ते उठले आणि कोपऱ्यातला लोखंडी गज घेऊन आले. ठाण्यात फक्त बंदूक जमा करतात, गज घरीच राहिला होता. एक फळ त्यांनी पायरीच्या चिऱ्यावर ठेवलं, गज दोन्ही हातांनी उभा धरला आणि वरून सोडला. कवच फुटलं. हात थरथरत होते, ते मला तेव्हा दिसलं. की आधीही दिसायचं आणि मी बघितलं नव्हतं?

"बघ," बाबा म्हणाले, "लागलो तळाक."

आतला गर त्यांनी मला दिला आणि दुसरं फळ चिऱ्यावर ठेवलं. मी विचारलं, "बाबा, खांद्याक कळायचा म्हणजे कसा कळायचा?"

गज तसाच उभा धरून ते सांगायला लागले.